थोरातांचा टी

रविवारी सोसायटीच्या पावत्या छापल्या आणि तीन बिऱ्हाडांची इंग्रजी आडनावं शेपटाकडून झडली. कामतांचे कामा झाले, थोरातांचे थोरा. खरात 'खरा' झाले, ते खूश आहेत.

झालं असं की प्रत्येकाचा हिशेब आडनावाच्या टेक्स्ट फाइलीत. नावामागचं 'डॉट टीएक्सटी' उडवायला मी पायथन या प्रोग्रामिंग भाषेतलं आरस्ट्रिप वापरलं. ते तुकडा उडवत नाही. टिंब, टी, एक्स यांतलं जे शेवटी सापडेल ते खात सुटतं.

थोरात काका पावती घेऊन दारात. निबंधक कार्यालयातून निवृत्त, उभा जन्म खरेदीखतं वाचण्यात गेलेला.

"माझा टी?"

"काका, भाषेच्या कागदपत्रांतच घोळ आहे."

"कागद दाखव."

चष्मा पुसून त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवून वाचलं. "हा अक्षरांचा संच आहे, प्रत्यय नव्हे. स्पष्ट लिहिलंय की! तू वाचलं होतंस?"

"चाळलं होतं."

"चाळलं म्हणजे सही केलीस." मग बोट उदाहरणावर. "मिसिसिपीतून आय, पी आणि झेड काढा. मिसिसिपीत झेड आहे कुठे? जादा सर्वे नंबर घुसडल्यासारखं!"

खाली आणखी एक उदाहरण. ज्या विनोदी चमूवरून भाषेला नाव मिळालं, त्या 'माँटी पायथन'मागचं मधल्या मोकळ्या जागेसकट 'पायथन' काढायला गेलं, तर उरतं फक्त 'एम'. काका बराच वेळ गप्प.

"म्हणजे यानं स्वतःच्या घरातलं नावसुद्धा सोडलं नाही. आणि हे यांनी आपल्या हातानं लिहून ठेवलंय?"

ठेवलंय ना! पण कुठे, तर खाली. सरळ शेपूट कापणारं रिमूव्हसफिक्स यायला 2020 उजाडलं, आवृत्ती 3.9. तोवर काय, तर 'किमतींच्या सर्व जुळण्या काढल्या जातात' हे वाक्य. चूक नाही हो त्यात. फक्त ज्याला आधीच माहीत आहे त्यालाच ते कळतं. औषधाच्या बाटलीवर 'हलवून घ्या' हे बुडाला छापावं, तसं. आणि शिव्या कोणाला? रविवारी फुकट राबणाऱ्याला.

"नवी पावती देतो, काका."

"खाडाखोड रीतसर हवी. यावरच टी घाल, सही कर, समासात कारण लिही."

मी लिहिलं: 'प्रत्ययाऐवजी अक्षरसंच गृहीत धरला गेल्याने अंत्य टी वगळला गेला.'

काकांनी दोनदा वाचलं. "काही कळत नाही. नीट लिही."