तिथे नवरा नांदायला येतो

परवा चुलतभावाचा साताऱ्याहून फोन. धाकट्या बहिणीने शेतात वाटा मागितला म्हणून घरात अबोला. "ताई, तूच सांग, भाऊबीजेला ओवाळणारी बहीण असं करते का?" मी जकार्तात बसून काय सांगणार? त्यातून बाबा गेल्यावर दुय्यम निबंधकाच्या कचेरीत हक्कसोडपत्रावर मीही मुकाट सही करून आलेली.

कायद्याचं म्हणाल तर महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क दिला. त्यासाठी २००५ ला वडील हयात असायची अट नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगून टाकलं. तरी फेरफार होतो आणि सातबारावरून बहिणींची नावं उतरतात. बायका बावळट आहेत म्हणून नाही. वाटा घेतला तर माहेर तुटतं, आणि सासरी काही बिनसलं तर जायला दुसरं दार नसतं.

माझ्या ऑफिसातली एक सहकारी पश्चिम सुमात्रातली, मिनांगकाबाऊ समाजातली. आम्ही तिला 'उनी' म्हणतो, म्हणजे त्यांच्या बोलीत ताई. जकार्तात गल्लोगल्ली पादांगी, म्हणजे त्यांच्या पादांग शहराच्या नावाच्या, खाणावळी आहेत, ते रेंदांग (नारळाच्या दुधात शिजवलेलं मसालेदार मांस) खाऊ घालणारे लोक हेच. नमाज-रोजे पाळणारे मुसलमान, पण कूळ चालतं आईचं. वडिलोपार्जित घर आणि भातशेती आईकडून लेकींकडे जाते. एकाच कुळात लग्न चालत नाही, आणि लग्न झालं की नवरा बायकोच्या घरी नांदायला येतो. आपल्याकडे 'घरजावई' ही जवळजवळ शिवी. तिथे गावातले सगळेच घरजावई.

तिच्या धाकट्या बहिणीच्या लग्नाला बुकिटिंग्गीजवळच्या गावी गेले होते. जुन्या पद्धतीच्या मोठ्या घरात खोल्या लेकींच्या. पूर्वी मुलगे जाणते झाले की रात्री गावच्या प्रार्थनाघरात, सुराऊत, झोपायला जात. घरात त्यांची अशी खोलीच नसे. उनीचा नवरा पंगतीत वाढत होता. सासूने हाक मारली की लगबगीने उठायचा. जावयाला त्यांच्यात म्हणतात, बुंध्यावरची राख, वारा आला की उडाली. मला आमच्या वहिनीची आठवण झाली. लग्नानंतर कितीतरी वर्षं ती अशीच, हाक येण्याआधी उठायची.

म्हणून तिथे 'बायकांचं राज्य' आहे असं कोणी सांगितलं तर मी मान हलवणार नाही. कुळाचा मुखिया पुरुषच. त्याची पदवी मुलाला न मिळता बहिणीच्या मुलाला मिळते, एवढाच फरक. जमीन बायकांच्या नावाने चालते, पण तिच्यावर देखरेख मामाची, ज्याला ते 'मामाक' म्हणतात. भाचरांचं लग्न, शिक्षण, भांडण, सगळ्यात त्याचा शब्द. शिवाय बापाने स्वतः कमावलेलं शरियतप्रमाणे वाटलं जातं, तिथे मुलीला मुलाच्या निम्मं. आणि किनाऱ्यावरच्या पारियामान भागात मुलीकडचे नवऱ्या मुलासाठी पैसे मोजतात, त्याला 'घेऊन यायचे' पैसे. आईचं कूळ असूनही! हे ऐकून मी हसले, मग जरा वरमले.

पण एक गोष्ट तिथे पाहिली, ती साताऱ्यात पाहिली नाही. उनीच्या मावशीचा काडीमोड झालेला. त्या दिवशी घरातून कोण गेलं? नवरा, कपड्यांची बॅग घेऊन. मावशी होती तिथेच होती, चूल तीच, शेजारीण तीच. तिला कोणी 'परत आली' म्हणू शकत नव्हतं, कारण ती गेलीच नव्हती. आपले सगळे वाद वाट्यावर चालतात, निम्मा की पाव. लग्न झाल्यावर घर कोणी सोडायचं, हा प्रश्न कुणी काढतच नाही. माझ्या मते बाईची पत याच प्रश्नावर ठरते. कायदा पोचतो तो त्यानंतर, आणि तोवर तिला सही करण्यावाचून गत्यंतर राहिलेलं नसतं.

हे सगळं मी उनीला सांगितलं, माझ्या हक्कसोडपत्रासकट. तिला निम्मं कळलंच नाही. बहिणीने भावाला जमीन लिहून द्यायची म्हणजे काय, हे दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाली, "पण तू सही केलीस तेव्हा तुझा मामा कुठे होता?"

होता ना. साक्षीदार म्हणून खाली त्याचीच सही आहे.