विवाहाच्या व्याख्येची राखण कशी करावी

विवाहाची व्याख्या धोक्यात आहे, हा मेसेज तुमच्या 'आपले कुटुंब' ग्रुपवर आलाच असेल. घाबरू नका. 17 ऑक्टोबर 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला आणि तो विषय संसदेवर सोपवला. संसदेकडे विषय किती सुखरूप राहतो, ते महिला आरक्षणाला विचारा. 1996 साली मांडलं, 2023 साली मंजूर झालं.

तरी गाफील राहू नका. आधी व्याख्या नीट पाठ करा. केंद्र सरकारने शपथपत्रात जैविक पुरुष आणि जैविक स्त्री असं सांगितलं, तेवढ्यावर भागत नाही. 1955च्या हिंदू विवाह कायद्यात पावलंही मोजली आहेत. जिथे सप्तपदीची रीत आहे तिथे सातवं पाऊल पडलं की लग्न पक्कं. तेव्हा वऱ्हाडी पंगतीकडे पळाले तरी तुम्ही होमापाशी बसून मोजा.

मोजण्यात जादू आहे बरं का. 1965 सालचा आपल्या महाराष्ट्रातलाच खटला घ्या. पहिली बायको हयात असताना एका गृहस्थाने 'गांधर्व' पद्धतीने दुसरं लग्न केलं. शिक्षा झाली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथे असं ठरलं, की होम आणि सप्तपदी झाल्याचं सिद्ध नाही, म्हणजे हे लग्नच नव्हे. लग्नच नाही तर द्विभार्येचा गुन्हा कुठला? गृहस्थ सुटले. व्याख्येला ओरखडासुद्धा आला नाही. पहिल्या बायकोचं पुढे काय झालं, असले प्रश्न राखणदाराने विचारायचे नसतात.

तुम्ही निवृत्त असाल आणि दुपार जाता जात नसेल, तर विवाह नोंदणी कार्यालयात चक्कर मारा. 1954च्या विशेष विवाह कायद्याने लग्न करायचं तर 30 दिवस आधी नोटीस लागते. नाव, वय, व्यवसाय, पत्ता, सगळं काचेमागे टाचणीने टोचलेलं. चष्मा पुसा, आडनावं वाचा. हरकत घ्यायची तर वय, आधीचं लग्न, जवळचं नातं अशी कायद्यातली कारणंच चालतात. 'जात वेगळी' चालत नाही. पण मुलीच्या मामाला फोन करायला कलम थोडंच लागतं!

आणि तुमच्याच जिन्यात तिसऱ्या मजल्यावर ते दोघे काका राहतात ना, एकोणीस वर्षं एकत्र? सोसायटीच्या वहीत एक मालक, एक भाडेकरू. परवा मालक काकांना अचानक ऑपरेशनला न्यावं लागलं. फॉर्मवर 'रुग्णाशी नाते' असा रकाना होता. भाडेकरू काकांनी 'मित्र' लिहिलं. खिडकीतल्या बाईंनी फॉर्म परत दिला, घरचं कोणी आहे का म्हणाल्या. तुम्ही मध्ये पडू नका. पुण्याहून भाचा निघालाच होता. रात्री साडेअकराला पोचला आणि त्याने सही केली. मामाला त्याने शेवटचं पाहिलं होतं ते स्वतःच्या मुंजीत.