१०८ आहे, पण डायलिसिसला कोण नेणार?

गावातली माणसं स्वतःच्या गाडीतून म्हाताऱ्यांना दवाखान्यात नेतात, हे एका लेखात वाचलं आणि आमचे आप्पा आठवले. चोपड्याजवळच्या गावाहून तापी ओलांडून जळगाव, आठवड्यातून दोनदा डायलिसिस. १०८ची रुग्णवाहिका तातडीच्या रुग्णांसाठी, १०२ची बाळंतिणी आणि तान्ह्या बाळांसाठी. ठरल्या वारी जाणाऱ्या आप्पांना त्यातलं काहीच लागू नव्हतं. एसटीत पंचाहत्तरीपुढच्यांना २०२२ पासून तिकीट नाही, हे चांगलंच आहे. पण चार तास मशीनवर काढल्यावर बीपी उतरतं, चक्कर येते, आणि फिस्टुलाच्या (डायलिसिसच्या सुयांसाठी रक्तवाहिन्या जोडलेल्या) हाताने दांडी धरता येत नाही. फुकट तिकीट असून उभं राहायची ताकद कुठून आणायची?

शेजारच्या भाऊंनी केळीची कामं सांभाळून वर्षभर नेलं. पहाटे दारात गाडी लावून म्हणायचे, "चाला आप्पा, बठा गाडीमा." ते चार तास बाहेर बाकावर थांबायचे. गाडी चालवण्यापेक्षा ते थांबणंच मोठं, असं मला आजही वाटतं.

म्हणून एक विनंती. एकाच माणसावर भार टाकू नका, चार-पाच जणांनी वार वाटून घ्या. डिझेलचा खर्च गावाने उचलावा, पण रुग्णाकडून भाडं घेऊ नये. खाजगी गाडीत भाडं घेतलं की अपघातात विम्याचा दावा अडकतो. नंदुरबार जिल्ह्यात धडगाव, अक्कलकुव्याकडे तर पाड्यापासून डांबरी रस्त्यापर्यंतच झोळीतून आणावं लागतं. तिथे कुणी असं करत असेल तर इथे जरूर लिहा, आम्हाला जमेल ती मदत करू.