‘आधी मोजायला शिका’ म्हणणाऱ्यांना

नमस्कार. रिव्हर्सलची, म्हणजे आतडं परत आत जोडण्याच्या ऑपरेशनची, वाट पाहताना स्टोमाभोवतीची (पोटावर काढलेल्या आतड्याच्या तोंडाभोवतीची) सोललेली कातडी मी कशी सांभाळली, त्या लेखावर आपण लिहिलंत: “ताई, पावडर थापून, भोक सैल कापून दिवस काढणं म्हणजे उपचार नव्हे. पावडरीचा थर राहिला की फ्लँज चिकटत नाही. पुरळ बुरशीचंही असू शकतं. आधी मोजायला शिका.” (फ्लँज म्हणजे पिशवीचा कातडीला चिकटणारा भाग; स्टोमासाठीचं भोक त्यालाच पाडतात.)

पावडरीचं मान्य. ओलसर जागेवर भुरभुरायची आणि जास्तीची झटकून टाकायची, यातलं झटकणं लिहायचं राहिलं. दुरुस्त केलंय. बुरशीचं म्हणाल, तर लालीच्या कडेला सुटे सुटे ठिपके आले, खाज सुटली की डॉक्टरांना दाखवावं हे कुणालाही कळतं. त्यावर मी काय लिहिणार?

पण ‘मोजायला शिका’? हे कुणाला सांगताय?

माझी आयलिओस्टॉमी होती, म्हणजे लहान आतडं पोटावर उघडलेलं. त्यातून दिवसभर पातळच येतं, आणि त्यातले पाचकरस कातडीलाही अन्नच समजतात. हे मी पाच महिने अंगावर काढलंय. ऑपरेशननंतर सहा ते आठ आठवडे स्टोमा आक्रसत जातो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सुरुवातीला बनवलेला पुठ्ठ्याचा साचा जपून ठेवला आणि प्रत्येक फ्लँजला 35 मिलिमीटरचंच भोक पाडत राहिले. स्टोमा तोवर 28 वर आला होता. मधली उघडी कड रात्रभर भिजायची आणि पहाटे नुसती आग. पावडर झाली, कातडीवर लावायची संरक्षक फिल्म झाली, फट बुजवायची रिंग झाली. पेस्ट लावली तर तिच्यातल्या अल्कोहोलने डोळ्यांतून पाणी. शेवटी स्टोमा नर्सने नव्याने माप घेतलं, स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठं भोक कापलं आणि आठवड्याभरात कातडी कोरडी पडली.

तेव्हा मोजमापाबद्दल मला ऐकवू नका. आता आपण म्हणाल, ‘मी तरी दुसरं काय म्हणत होतो?’ नाही, आपण हे म्हणत नव्हता. ‘पहिले दोन महिने दर आठवड्याला माप घ्या’ असं लिहिलं असतंत तर मी आभार मानले असते. तुम्ही शाळेतल्या मास्तरासारखी पट्टी आपटलीत. आणि मी ‘जरा सैल’ लिहिलं होतं ते उगाच नव्हे, घट्ट कापलं तर फ्लँजची कड स्टोमाला घासते. सैल म्हणजे किती, हे वाचणाऱ्याला कळेल असं मी धरून चालले. बरं, आकडाही टाकलाय. झालं समाधान?

राहिलं ‘दिवस काढणं’. रिव्हर्सलचा छेद स्टोमाभोवतीच घेतात. तिथली कातडी तोवर धड राहावी, म्हणून तर पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करायची, फ्लँजखाली चुरचुरलं की ठरलेल्या दिवसाची वाट न पाहता बदलायचा, तेलकट मलम लावायचं नाही. मूळ लेखात हे तिन्ही आहे. तुम्ही तिथपर्यंत वाचलंत की पावडरीपाशीच थांबलात, कोण जाणे.

असो. पुढच्या वेळी चूक जरूर दाखवा. ‘ताई’ नाही लिहिलंत तरी चालेल.