अंटार्क्टिकाचा मासा आणि आत्याची टाच

परवा फोंड्याला आत्याकडे गेलो तर ओट्यावर फ्रोझन सॅमनचं पाकीट वितळत ठेवलेलं. जेवणासाठी नव्हे. आत्याच्या टाचेला मधुमेहातली जखम आहे, महिनाभर चिघळतेय, आणि आतोबांच्या फोनवर एक मेसेज आला होता. आमच्या तीन ग्रुपांवर तो पंधरा दिवस फिरतोय. मजकूर असा: अंटार्क्टिकातल्या माशाची जखम तासाभरात भरते, कारण तिथल्या थंडीत जंतू जगत नाहीत आणि रक्तातलं ‘अँटीफ्रीझ’ (रक्त गोठू न देणारा पदार्थ) कातडीचं चिलखत करतं, गोव्यातून गेलेल्या शास्त्रज्ञांनी हे डोळ्यांनी पाहिलंय, आइसलंडचे डॉक्टर हीच कातडी लावतात, तेव्हा थंड पाण्यातल्या माशाची कातडी जखमेवर बांधा.

गोव्याचं नाव घातलं की आपण विरघळतो. पहिली भारतीय अंटार्क्टिका मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखाली गोव्याहूनच निघाली आणि ध्रुवीय संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र वास्कोला आहे, हे खरंच. पण मेसेजमध्ये ना शास्त्रज्ञाचं नाव, ना माशाचं, ना साल. गोव्याहून बोट सुटली म्हणून पुढचं सगळं खरं होत नाही.

जंतूंचं तर उलटंच आहे. नॉर्वेतल्या सॅमनच्या शेतीत ‘हिवाळी व्रण’ नावाचा रोग आहे. पाणी साधारण ८ अंशांच्या खाली गेलं की मोरिटेला व्हिस्कोसा नावाचा जिवाणू जोर धरतो आणि माशाच्या कुशीवर उघडे व्रण पडतात. त्याला थंडीच मानवते. आणि खुद्द अंटार्क्टिकात? २०१८ मध्ये तिथल्या द्वीपकल्पाजवळ ट्रेमॅटोमस जातीच्या माशांच्या अंगावर मोठमोठ्या गाठी दिसल्या. त्या एका परजीवीमुळे झालेल्या निघाल्या.

अँटीफ्रीझची गोष्ट मात्र खरी आहे, आणि मेसेजपेक्षा कितीतरी सुरस. तिथलं समुद्राचं पाणी उणे १.९ अंशांपर्यंत उतरतं. साध्या माशाचं रक्त उणे ०.८ च्या आसपासच गोठेल. तरी हे मासे बर्फाला घासत जगतात. १९६०च्या दशकात आर्थर डीव्हरीज यांनी कारण शोधलं: रक्तात असलेली खास प्रथिनं, ज्यांना साखरेचे रेणू जोडलेले असतात. ती बर्फाच्या बारीक कणाला चिकटतात आणि त्याला वाढू देत नाहीत. बस्, काम एवढंच. ती जखम सांधत नाहीत. शिवाय त्यांची एक खोडही आहे. बर्फाचे कण माशाच्या अंगात शिरतात, प्लीहेत साठतात, आणि प्रथिनं चिकटल्यामुळे उन्हाळ्यात पाणी जरा तापलं तरी सहज वितळत नाहीत. हे २०१४ मध्ये समोर आलं.

चिलखत असेल तर ते अखंड कातडी. बर्फाला आत शिरायला ती आडवी येते; खरचटली की वाट मोकळी. म्हणजे तिकडे जखम हा माशाला जास्तच घोर.

आणि तासाभरात भरण्याचं? माशाची जखम वरून लवकर झाकते, यात तथ्य आहे. बाजारात तांबोशी हातात घ्या, खवल्यावरून बोट फिरवा. बुळबुळीत लागतं ना? खवल्याच्या वर जिवंत पेशींचा पातळ पडदा असतो, त्याच्यावर ती बुळबुळी. आपल्यासारखा मेलेल्या पेशींचा कोरडा थर तिथे नाही, खपलीही धरत नाही. कडेच्या पेशीच सरकत येऊन जखम झाकतात. पण यात ध्रुवाचं काय? संशोधक हे मुख्यतः झेब्राफिशवर पाहतात, आणि तो आपल्याच उपखंडातला, उबदार ओढ्यांतला मासा. सॅमनमध्ये ४ आणि १२ अंशांची तुलना केली तेव्हा गार पाण्यातली जखम हळू भरली. थंडीत पेशींची कामं मंदावतात, हे फ्रिजमध्ये पीठ आंबवायला ठेवणाऱ्या कोणालाही कळेल.

राहता राहिली आइसलंडची कातडी. ती आहे. अटलांटिक कॉड माशाची. अंटार्क्टिकाशी तिचा संबंध नाही. खवले काढून, माशाच्या पेशी धुऊन टाकून, वाळवून, निर्जंतुक करून ती पाकिटात येते; अमेरिकेत २०१३ मध्ये तिला परवानगी मिळाली. उरतो तो तंतूंचा सांगाडा, वेलीला मांडव घालावा तसा, आणि त्यावर रुग्णाच्याच पेशी चढतात. ब्राझीलमध्ये भाजलेल्यांना तिलापियाची कातडी लावतात, आणि तिलापिया गरम देशातला, गोड्या पाण्यातला. थंडीचा गुण असता तर तो कसा चालला असता?

आत्याच्या ओट्यावरची कातडी मात्र निर्जंतुक नव्हती. फ्रीझरमध्ये जंतू मरतातच असं नाही, पुष्कळसे नुसते झोपतात. आणि मधुमेह्याची उघडी जखम म्हणजे त्यांना उठायला उबदार अंथरूण. मासे हाताळताना लागलेल्या साध्या काट्यातूनही हात सुजून दवाखान्यात जाणारे लोक किनाऱ्यावर कमी नाहीत.

आतोबा म्हणाले, “म्हणजे तीनशे रुपये पाण्यात?” आत्याला दुसऱ्या दिवशी सर्जनकडे नेलं, मेलेली कातडी काढून ड्रेसिंग झालं, इन्सुलिन वाढवलं. सॅमनचं रविवारी हुमण केलं. तिरफळं घालूनही त्याला बांगड्याची सर आली नाही, असं आत्याचं मत.