‘कुठल्याही रिमोट कारची मेलेली बॅटरी जिवंत करा’ हा मेसेज पुढे पाठवायच्या आधी हे वाचा

आरसी कारच्या जुन्या बॅटऱ्यांबद्दलचा एक मेसेज खूप फिरतोय. त्यात सांगितलंय ते थोडक्यात असं: बॅटरी चार्ज धरत नसेल तर रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा, दर वेळी गाडी पार बंद पडेपर्यंत चालवा नाहीतर बॅटरीत ‘मेमरी’ बसते, मीटरवर व्होल्ट बरोबर दिसले की बॅटरी चांगलीच समजा, प्लग बसतो तो कुठलाही चार्जर चालतो, चार्जिंगला रात्रभर लावा, आणि एवढं करून काही झालं नाही तर १२ व्होल्टच्या बॅटरीने ‘झटका’ द्या. खाली ठळक अक्षरात, सगळ्या प्रकारच्या बॅटरीला चालतं.

मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती या शेवटच्या ओळीची. कारण यातले दोन-तीन उपाय जुन्या निकॅड (निकेल-कॅडमियम) बॅटऱ्यांच्या काळातले आहेत, तिथे त्यांना थोडाफार अर्थ होता, पण आज घराघरात ज्या गाड्या आहेत त्यात निकॅड, एनआयएमएच (निकेल-मेटल हायड्राइड), लिथियम आयन, लिपो (लिथियम पॉलिमर) असं काहीही असू शकतं, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला केला तर आग लागू शकते. हे मी घाबरवायला म्हणून लिहीत नाहीये.

म्हणून पहिलं काम, पॅकवरचं लेबल वाचा. निकॅड आणि एनआयएमएचचा एक सेल १.२ व्होल्टचा, त्यामुळे पॅक ४.८, ६, ७.२, ९.६ अशा आकड्यांत येतात. लिपोचा सेल ३.७ व्होल्टचा, दोन सेलचा पॅक ७.४. आता ७.२ आणि ७.४ इतके जवळ दिसतात की लोक ‘एकच आहे’ म्हणून मोकळे होतात, शिवाय काही लिथियम आयन सेलवर ३.६ छापलेलं असतं म्हणजे त्याचा दोन सेलचा पॅकही ७.२ च होतो! त्यामुळे नुसता आकडा बघू नका, अक्षरंही वाचा. लिपोला जाड वायरींबरोबर एक छोटी पातळ वायरींची पिन असते, बॅलन्स प्लग, दोन सेलला तीन वायरी, ती दिसली की लिथियम समजा. लेबल पुसलं गेलंय आणि काहीच कळत नाहीये तर तो पॅक चार्ज करू नका, विषय तिथेच संपला.

आता झटक्याचं. निकॅड सेल वर्षानुवर्षं रिकामा पडून राहिला की आत कॅडमियमचे केसासारखे बारीक तंतू वाढतात, ते सेपरेटर (प्लस आणि मायनस वेगळे ठेवणारा पातळ पडदा) भेदून पलीकडे पोचले की सेल आतून शॉर्ट होतो आणि मीटरवर शून्य दाखवतो. मोठा करंट क्षणभर दिला तर तो तंतू जळतो आणि सेल परत व्होल्ट दाखवायला लागतो, एवढं खरं आहे. पण सेपरेटरला पडलेलं भोक तसंच राहतं, तंतू परत वाढतो, आणि तोपर्यंतसुद्धा तो सेल चार्ज केलेला चार्ज नुसता बसल्या बसल्या गमावत राहतो, म्हणजे गाडी दहा मिनिटं पळाल्याचा आनंद आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. सेल फुटून आतलं अल्कली अंगावर उडण्याचा धोका वेगळाच. आणि लिथियमला हा झटका द्यायचा म्हणजे सरळ अपघाताला बोलावणं. लिपोचा सेल फार खाली गेला, शून्याच्या आसपास, की आतला तांब्याचा पत्रा विरघळायला लागतो, नंतर चार्ज केलं की ते तांबं नको तिथे जमतं आणि आतून शॉर्ट तयार होतो. हे बाहेरून दिसत नाही. पॅक वरून छान चार्ज झाल्यासारखा वाटतो आणि नंतर कधीतरी पेट घेतो. म्हणून शून्यावर गेलेला लिपो ‘वाचवायचा’ नसतो, कुठल्याच युक्तीने नाही.

‘पार बंद पडेपर्यंत चालवा’ हा सल्ला तर मला वाटतं सगळ्यात जास्त पॅक मारतो. मेमरी इफेक्ट, म्हणजे बॅटरीला नेहमीच्या अर्धवट वापराची सवय लागून पुढचा चार्ज ती देतच नाही, हा प्रकार खोटा नाही, उपग्रहांमधल्या निकॅड बॅटऱ्या रोज अगदी ठरावीक तेवढ्याच रिकाम्या व्हायच्या आणि परत भरायच्या तेव्हा तो दिसला होता, पण खेळण्याची गाडी कोणी रोज मोजून तेवढीच चालवत नाही. एनआयएमएचमध्ये तो अगदी किरकोळ, लिथियममध्ये तर त्याची काळजी करायचं कारणच नाही. उलट पॅकमधले सहा सेल एकामागे एक जोडलेले असतात आणि त्यातला एक नेहमी बाकीच्यांपेक्षा कमजोर असतो, तो आधी रिकामा होतो, तुम्ही थ्रॉटल (रिमोटवरचं वेगाचं बटण) दाबूनच ठेवलाय म्हटल्यावर बाकीचे पाच त्याच्यातून करंट ढकलत राहतात आणि तो उलटा चार्ज होतो, प्लसचा मायनस! आधीच दुबळा असलेला सेल त्यात कायमचा जातो. निकेलच्या (निकॅड किंवा एनआयएमएच) पॅकला सेलमागे १ व्होल्टच्या आसपास थांबायचं, म्हणजे सहा सेलला ६ व्होल्ट. मीटर नसेल तर साधी खूण, गाडीचा वेग स्पष्ट कमी झाला की थांबा. लिपोला चालू गाडीत सेलमागे ३ व्होल्टच्या खाली जाऊ द्यायचं नाही. निकेलसाठी बनवलेल्या जुन्या गाड्यांच्या स्पीड कंट्रोलरमध्ये (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) बऱ्याचदा कटऑफच, म्हणजे व्होल्ट कमी झाले की आपोआप थांबवायची सोयच, नसते, अशा गाडीत लिपो लावला तर थांबवणारं कोणीच नाही हे लक्षात ठेवा.

मीटरवर व्होल्ट बरोबर म्हणजे बॅटरी चांगली, हे अर्धवट आहे. जुन्या सेलचा आतला रेझिस्टन्स वाढलेला असतो, नुसता मीटर लावला की करंट जवळजवळ वाहतच नाही त्यामुळे तो सेल अगदी तरुण दिसतो, पण मोटरने करंट मागितला की व्होल्टेज धाडकन पडतं. गाडी जागेवर स्टिअरिंग हलवते, थ्रॉटल दिला की गचका मारून बंद पडते आणि परत जिवंत होते, हे त्याचंच लक्षण, रिसीव्हरला (गाडीतला रिमोटचे सिग्नल पकडणारा भाग) पुरेसे व्होल्ट मिळत नाहीत. म्हणून मोजायचं ते लोडवर, म्हणजे बॅटरीतून करंट ओढला जात असताना. १२ व्होल्ट २१ वॉटचा इंडिकेटरचा फिलामेंट बल्ब ७.२ च्या पॅकला लावला तर साधारण सव्वा ते दीड अँपिअर ओढतो, तो पेटलेला असताना प्रत्येक सेल वेगळा मोजा (लिपो असेल तर बॅलन्स प्लगवर, कव्हर अजिबात फाडू नका). पूर्ण चार्ज केलेल्या निकेल पॅकमधले पाच सेल १.२ च्या जवळपास आणि एक सेल मिनिटभरात १ च्या खाली, असं दिसलं की दोषी सापडला. तो एकच सेल बदलून नवा टाकायचा मोह होतो, पण नवा आणि जुने यांची कपॅसिटी जुळत नाही आणि वर सांगितलेलं उलटं चार्ज होणं आता उरलेल्या म्हाताऱ्या सेलच्या वाट्याला येतं. पॅकच बदला.

चार्जर. हे जरा नीट वाचा, घाई करू नका. एनआयएमएचचे चांगले चार्जर पॅक भरल्यावर व्होल्टेज किंचित घसरतं ती घसरण ओळखून थांबतात. लिपोमध्ये अशी घसरण येतच नाही, त्याला सेलमागे ४.२ व्होल्टला धरून ठेवणारा चार्जर लागतो, म्हणजे निकेलच्या चार्जरला लावलेला लिपो त्या घसरणीची वाट बघत (दोन सेलचे) ८.४ व्होल्टच्या पुढे भरत राहणार, फुगणार आणि पेटणार. प्लग बसला म्हणजे चार्जर जुळला असं होत नाही. आणि खेळण्यांबरोबर येणाऱ्या साध्या भिंतीतल्या अडॅप्टरमध्ये बऱ्याचदा थांबायची सोयच नसते. हिशोब सोपा आहे: पॅक ७०० एमएएच (पॅकमध्ये किती चार्ज मावतो त्याचं माप), अडॅप्टर २५० एमए, वाया जाणारा भाग धरून ७०० ला १.४ ने गुणा आणि २५० ने भागा, साधारण चार तास. रात्रभर लावलं तर बाकीचे सगळे तास नुसती उष्णता आणि वायू, सेल आतून सुकतो. रात्रभर चार्जिंग चालतं ते फक्त निकेलला आणि फक्त कपॅसिटीच्या एक दशांश करंटवर, १५०० च्या पॅकला १५० एमए, १४ ते १६ तास.

याच हळू चार्जिंगचा जुन्या एनआयएमएचला खरोखर फायदा होतो. वर्षभर पडून राहिलेला पॅक फास्ट चार्जरला लावला की पाच मिनिटांत ‘फुल’ दाखवतो, लोक म्हणतात बॅटरी गेली, पण सुरुवातीला व्होल्टेज वरखाली होतं त्याने चार्जर फसलेला असतो. एक दशांश करंटवर भरा, ६ व्होल्टपर्यंत उतरवा, असं तीन-चार वेळा करा, मग ठरवा.

फ्रीझरबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. थंडीत बॅटरी आपोआप उतरायचा वेग कमी होतो, गेलेली कपॅसिटी परत येत नाही, बाहेर काढल्यावर पाणी सुटतं, आणि शून्याखालच्या तापमानात लिथियम सेल चार्ज केला तर आत धातूचं लिथियम जमतं.

आणि मेसेजमध्ये ज्याचा उल्लेखच नाही ते आधी तपासा: रिमोटमधले सेल, आणि प्लग. जुना पांढरा तामिया प्लग (बॅटरी गाडीला जोडायचा) सैल होतो, काळा पडतो, गाडी चालवल्यावर हाताला गरम लागतो, बॅटरीचा दोष नसतो, प्लगचा असतो. निकेल पॅकच्या टोकांवर पांढरी पावडर दिसली तर ती गळलेल्या अल्कलीची आहे, हातमोजे घालून व्हिनेगरने पुसा आणि नीट वाळवा. फुगलेला लिपो मात्र दाबू नका, टोचू नका, मिठाच्या पाण्यात टाकून निर्धास्त होऊ नका, पाण्याने त्याची टोकंच गंजून तुटतात आणि आत चार्ज तसाच राहू शकतो. पॅक घराबाहेर, न जळणाऱ्या जागी ठेवून त्याच बल्बने शून्यापर्यंत उतरवा, मीटरने खात्री करा, टोकांना टेप लावा आणि ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या.