भिंत, बांध आणि पाण्याची वाट : निपाणीच्या वाचकांस उत्तर

सप्रेम नमस्कार,

वाढत्या समुद्रासाठी किनाऱ्यावरील गावांनी कशी तयारी करावी, या माझ्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, याबद्दल आभार. आपले तीन आक्षेप आहेत. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवरच्या बेळगावात बसून समुद्राची चिंता वाहणे व्यर्थ आहे. किनाऱ्यावर भक्कम दगडी भिंत घातली की प्रश्न मिटतो, मी मात्र जुन्या मातीच्या बांधांत रमलो. आणि २०१९ मध्ये आपल्याच निपाणी-चिकोडी भागातली घरे पाण्यात होती, त्यांविषयी मी एक ओळही लिहिली नाही. तिसरा आक्षेप मला मनापासून लागला, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

माझे आजोळ वेदगंगेकाठी आहे. त्या ऑगस्टमध्ये मामांच्या घरात पाणी नदीच्या बाजूने आलेच नाही. पहाटे मामी न्हाणीघरात गेल्या, तेव्हा मोरीच्या भोकातून गढूळ पाणी उलटे वर येत होते. तासाभरात ते चुलीपर्यंत पोहोचले, आणि मामांनी दावणीची जनावरे सोडून माळाकडे हाकलली. नदी दाराशी येण्यापूर्वी ओढा मागे फिरला होता. कृष्णा तुडुंब भरली की दूधगंगेला तिच्यात शिरता येत नाही, दूधगंगा तुंबली की वेदगंगा अडते, आणि वेदगंगा अडली की गावातल्या ओढ्याला जायला जागाच उरत नाही. हे मी लिहायला हवे होते, कारण किनाऱ्यावरच्या पुराचे मर्मही नेमके हेच आहे. तिथे कृष्णेच्या जागी समुद्र असतो, इतकाच फरक.

२२ जुलै २०२१ रोजी चिपळूण बुडाले, तेव्हा सह्याद्रीवर कोसळलेला पाऊस घेऊन वाशिष्ठी खाली धावत होती आणि त्याच वेळी समुद्राला भरती होती. आता यात समुद्राची पातळी मिळवा. १९०१ ते २०१८ या काळात ती जगभरात सरासरी सुमारे २० सेंटिमीटरने, म्हणजे जवळजवळ एक वीत वाढली. तापलेले पाणी प्रसरण पावते आणि जमिनीवरचे बर्फ वितळून समुद्रात येते, ही त्याची प्रमुख कारणे. वाढीचा वेगही पूर्वीपेक्षा जास्त आहे. एक वीत ऐकायला थोडी वाटते, परंतु सपाट खाडीकाठच्या गावाचे पाणी ओहोटीच्या मोजक्या तासांतच बाहेर पडते, आणि समुद्र जितका वर राहील तितके ते तास कमी होतात.

म्हणूनच केवळ भिंत पुरेशी नाही, असे मी म्हणतो. जिथे घरे अगदी लाटांच्या तोंडाशी आहेत आणि हलवायला जागा नाही, तिथे भिंतीवाचून गत्यंतर नसते, हे मी मूळ लेखात स्पष्ट म्हणायला हवे होते. तो दोष माझा. मात्र लाट भिंतीवर आपटून परतताना पायथ्याची वाळू ओढून नेते, भिंत जिथे संपते तिथे शेजारच्या गावाची पुळण खचू लागते, आणि होड्या ओढायला व रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, लावायला कोळ्यांना जागा उरत नाही. शिवाय पावसाचे पाणी भिंतीच्या आत अडकले, तर तीच भिंत घरांना बुडवते.

आपण ज्यांना जुने बांध म्हणता, त्यांत पाणी बाहेर काढण्याची सोय मुळातच आहे. माझी आत्या गोव्यात दिवाडी बेटावर दिलेली आहे. तिच्या घरामागे मांडवीला लागून खाजन शेती आहे, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली सखल शेते. बांधाच्या पोटात चिखल आणि पेंढा, बाहेरून जांभ्या दगडाचा थर, आणि मध्ये ‘मानस’, म्हणजे पाण्याचे दार. त्या दाराला राखणदार लागत नाही. भरती चढू लागली की तिच्याच दाबाने लाकडी फळ्या मिटतात, ओहोटीला आतले पाणी त्यांना रेटून उघडते. मी तिथे उभा असताना भरती लागत होती. फळी आधी थरथरली, मग हळूच चौकटीला टेकली, आणि फटीतून येणारी एक बारीक धार तेवढी उरली. मात्र खेकड्याने बांधाला पाडलेले बीळ वेळीच बुजवले नाही, तर पुढच्या उधाणाला तिथे भगदाड पडते. शेते पडीक झाली की बीळ बुजवणारे हात जातात, आणि मग खारे पाणी विहिरींपर्यंत पोहोचते. पैसा आधी या हातांसाठी लागतो, असे माझे ठाम मत आहे.

माणसे वाचवण्याची गोष्ट याहून वेगळी आहे. १९९९ च्या चक्रीवादळात ओडिशात सुमारे दहा हजार माणसे गेली. २०१३ च्या ‘फायलिन’ वेळी सुमारे दहा लाख लोकांना आधीच हलवले होते, आणि मृतांचा आकडा पन्नासच्या आसपास राहिला. निवारे, वेळेवर सूचना आणि घरोघरी जाणारी माणसे यांनी हा फरक घडवला.

राहिला बेळगावचा प्रश्न. दिवाडीला वळसा घालणारी मांडवी म्हणजे आपल्या खानापूर तालुक्यात उगम पावणारी म्हादईच. पाणीवाटपाचा वाद मी इथे काढत नाही. परंतु याच तालुक्यातल्या कणकुंबीच्या पश्चिम उतारावर रात्रभर कोसळलेला पाऊस खाली उधाणाशी गाठ घेणार असेल, तर त्याची मोजणी खालच्या गावांना भरतीआधी कळली पाहिजे, आणि ती वरूनच कळू शकते.

वेदगंगेवर मी स्वतंत्र लेख लिहीत आहे. आपल्या गावात २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुराच्या रेघा भिंतींवर अजून दिसत असतील, तर जोत्यापासून त्यांची उंची मोजून कळवावी. मामांच्या घरातली २०१९ ची रेघ जोत्यापासून चार फूट दोन इंचांवर आहे.